मोठ्या जहाजाच्या जाळ्या

१९६६ साल. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते आणि लाडू आतेच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर नारळ पडला. एक पडला, मग दुसरा, मग उरलेले पाच एकदम. आते पडवीत जवळा निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, वर पाहिलं आणि मला हाक मारली.

"चांगुणे, भायेर ये. आतेला मारायला हे जाळं कोणी विणलं ते सांग मला."

वर आढ्याला नायलॉनच्या जाळीचा एक तुकडा लोंबत होता. त्यातच तिनं आदल्या दिवशी नारळ टांगले होते. तुकडा फाटला नव्हता. दोरी कुठं तुटली नव्हती. जाळीचे मधले डोळे मोठे होत होत एकमेकांत सरकले होते आणि हंडा जाईल एवढं भोक पडलं होतं.

मी स्टुलावर चढून तो काढला. एक गाठ चिमटीत धरून ओढली. ती दोरीवरून मण्यासारखी सरकली. दुसरी ओढली, तीही सरकली.

"काय गो?" आते म्हणाली. "तोंड का पडलं तुझं? नारळ माझ्या टकुऱ्यात पडत होता."

"आते, गाठी एकेरी हायत."

आतेनं तुकडा माझ्या हातातून घेतला आणि ती अंगणात जाऊन उभी राहिली. मोरा म्हणजे आमचं कोळ्यांचं लहानसं बंदर, आणि आमच्या अंगणातून समोर पाण्यापलीकडं मुंबईचं बंदर दिसायचं. तिथं मधोमध नौदलाचं मोठं जहाज नांगर टाकून उभं होतं, विमानं घेऊन जाणारं. देशाकडं तसं ते एकच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या भरतीला ते निघणार होतं, आणि त्याच्या कडेला आमच्या हातच्या चोवीस जाळ्या लावलेल्या होत्या.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सुताची जाळी. सुताला गाठ मारायची ती एका वळशाची. पाण्यात गेलं की सूत फुगतं आणि गाठ आपोआप आवळते. नायलॉन बंदरात येऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. नायलॉन फुगत नाही. त्याला दोन वळसे द्यावे लागतात, नाहीतर भार आला की गाठ चालायला लागते. हे अख्ख्या बंदरात पहिल्यांदा माझ्या बापाला कळलं आणि त्यानं ते घरोघर जाऊन शिकवलं. हसुराम नाखव्याचा हात म्हणजे तेव्हा आमच्याकडं शेवटचा शब्द होता. कोणाचं नवं जाळं दर्यावर जायच्या आधी त्याच्याकडं दाखवायला आणत. तो डावखुरा. डाव्या हातानं गाठ चाचपायचा आणि मान हलवायचा. मान हलली की जाळं होडीत चढायचं.

नौदलाच्या गोदीत सामंत नावाचे चार्जमन, म्हणजे देखरेख करणारे, होते, दोरखंडाच्या कारखान्यावर. मालवणकडचे. माशांच्या निमित्तानं त्यांची आणि बाची ओळख. गणपतीच्या सुमारास ते लाँचनं मोऱ्याला आले, नायलॉनच्या दोरीची रिळं आणि जाळीचा एक नमुना घेऊन. म्हणाले, जहाजाच्या वरच्या धावपट्टीच्या कडेला बाहेरच्या बाजूनं अशा जाळ्या बांधतात. विमानाच्या यंत्राचा वारा इतका असतो की उभा माणूस पाल्यासारखा उडतो. उडाला तर जाळीत पडावा, समुद्रात पडू नये. विलायतेहून यायच्या त्या जाळ्या आल्या नव्हत्या आणि जहाज थांबणार नव्हतं.

आम्ही सहा जणांनी त्या विणल्या. बा, आते, मी आणि शेजारच्या तिघी. प्रत्येकाच्या वाट्याला चार. सामंतांनी प्रत्येक जाळीत वाळूचं पोतं टाकून पाहिलं होतं. एकही गाठ हलली नव्हती.

संध्याकाळी बा होडीवरून आला. आतेनं तुकडा त्याच्यापुढं टाकला. त्यानं दोन-तीन गाठी ओढून बघितल्या. त्या इतक्या सरकून गेल्या होत्या की कोणाच्या हातच्या ते कळायला त्यांना आकारच उरला नव्हता.

"कुठला तुकडा?"

"उरल्या-सुरल्याच्या ढिगातला," आते म्हणाली. "माझा नाय. मी नायलॉनला तीन वळसे देते. माझा त्याच्यावर इश्वासच नाय."

"पोतं टाकलं तवा कशा टिकल्या मग?" मी विचारलं.

बानं तुकडा नाकाजवळ नेला. "लाडे, हा धुतलास?"

"धुतला. लुगड्याला डाग पडत व्हते. सोडा टाकून उकळला चांगला."

बा ओट्यावर बसला. आमच्यात नवं जाळं ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळल्याशिवाय दर्यावर जात नसे. त्यानं सूत कुजत नाही. नायलॉनला त्याची काही गरज नव्हती, पण आते ऐकणारी नव्हती. कोरं जाळं पाठवायचं म्हणजे नवरी बिनहळदीची पाठवायची, असं तिचं म्हणणं. चोवीसच्या चोवीस जाळ्या तिनं उकळल्या होत्या आणि काढ्यात तिच्या पद्धतीनं बाभळीचा डिंक घातला होता. त्या डिंकानं गाठी धरून ठेवल्या होत्या. दर्याचं पाणी आणि ऊन लागलं की डिंक जाणार होता.

"सहा जणांत कोणाचा हात चुकला?" बा म्हणाला.

आतेनं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानंही पाहिलं. मी सतरा वर्षांची होते आणि सगळ्यांत भराभर विणायची. करंजा गावातल्या कृष्णा कोळ्याच्या घरातून मला मागणी आली होती ती त्या हातावरच. त्या दिवसांत शेजारणींशी तेच बोलणं चाले, हसणं चाले, आणि बोटं आपली आपण चालत.

"चांगुणे, तू बोलत बोलत विणतेस," बा म्हणाला.

"मला आठवत नाय, बा. मी दोन वळसे दिले असतीलच."

"असतील म्हंजे?"

खरंच आठवत नव्हतं. गाठ मारलेली कोणाला आठवते?

आते म्हणाली, "हसू, जाऊदे. जहाज उद्या जाईल. एवढं मोठं जहाज, त्याच्यावर हजार माणूस. कोण नेमका तिथंच पडतोय?"

"कोणतरी पडायचा म्हनून तं बांधलीय," बा म्हणाला.

सकाळच्या पहिल्या लाँचनं आम्ही दोघं निघालो. तुकडा बाच्या बंडीच्या खिशात होता. मधूनमधून तो खिशात हात घालून चाचपत होता.

गोदीच्या फाटकावर सामंतांना निरोप पाठवला. ते हसत आले. "काय नाखवानू, म्हावरा हाडलास की काय?"

बानं तुकडा पुढं केला. सामंतांनी एक गाठ ओढली आणि त्यांचं हसू गेलं.

"किती जाळ्या अशा?"

"ते हात लावल्याबिगर नाय सांगता येनार."

"अरे, पण आज चार वाजता जहाज सुटतंय. मी सही केलीय त्या जाळ्यांवर." त्यांनी तुकडा बाला परत दिला आणि म्हणाले, "चला. शिव्या खायच्या तर तिघांनी मिळून खाऊ."

धावपट्टीचं काम बघणारे अधिकारी लेफ्टनंट कारखानीस म्हणून होते. बेळगावचे. तिशीचे असतील, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. ते धक्क्यावर भेटले. सामंतांनी सगळं सांगितलं. डिंकाचं सांगितलं तेव्हा त्यांनी थांबवलं.

"नायलॉन उकळलं? कशात?"

"ऐनाच्या सालीत," बा म्हणाला. "आमची रीत हाय, साहेब."

"रीत," कारखानीस म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आणि ही कोण?"

"माझी मुलगी. विणनाऱ्यांत ही पन हाय. आमच्यात परतेकाचा हात येगळा असतो. जाळी कोणाची ते आम्ही दोघं चाचपून सांगू. ज्या एकेरी निघतील त्या काढाव्या लागतील."

"आणि काढून? तिथं काय लावू?"

"दोरी द्या. मी नवी विनतो."

कारखानीसांनी घड्याळ पाहिलं. "नाखवा, गेल्या वर्षी लढाई झाली तेव्हा हे जहाज कुठं होतं माहीत आहे?"

"गोदीत व्हतं. दुरुस्तीला."

"बरोबर. लढाई झाली आणि आम्ही गोदीत. लोक आम्हाला काय काय म्हणाले ते तुम्ही ऐकलं असेल. आज ते वेळेवर निघणार. तुमच्या जाळीसाठी मी एक मिनिट मागणार नाही, आणि मागितलं तरी कोणी देणार नाही. साडेतीनला तुम्ही खाली उतरायचं. झालं तर झालं. नाहीतर तेवढ्या भागात माणसं उभी करायची नाहीत, आणि मग माझी विमानं उडवायला दुप्पट वेळ लागेल. चला."

बोटीनं आम्हाला जहाजाशी नेलं. अंगणातून ते जहाज दिसायचं, पण जवळ गेल्यावर ते जहाज राहिलंच नाही. नुसती भिंत. शिडीनं चढून वर आलो तर मैदान. आमचं अख्खं बंदर, घरं, देऊळ, मासे वाळत घालायची ओटी, सगळं त्याच्यावर मावलं असतं. एका बाजूला पंख दुमडलेली विमानं उभी होती. कोंबड्या पावसात बसतात तशी.

जाळ्या कडेच्या बाहेर, लोखंडी चौकटीत बांधल्या होत्या. सामंतांनी माझ्या कमरेला दोर बांधला. मी पालथी पडून हात बाहेर काढायचा आणि गाठी चाचपायच्या. चार मजले खाली पाणी होतं. बा पाच पावलं मागून येत होता. मी पुढं झाले की तो तीच जाळी पुन्हा बघायचा.

पहिली शेजारच्या भीमीची. दुहेरी. दुसरी, तिसरी आतेची. खरंच तीन वळसे. चौथी माझी.

माझ्या हाताची गाठ मला अंधारातही कळली असती. मी बोट घातलं. दोन वळसे. दुसरी गाठ, दोन. मधल्या गाठी बघितल्या, जिथं मन दुसरीकडं गेलं असेल अशा. सगळीकडं दोन. सातवीही माझीच निघाली, अकरावीही, बारावीही. माझ्या चारी जाळ्यांत मला एक एकेरी गाठ सापडली नाही.

तिथंच कडेला पालथी असताना मला हसू आलं. कारखानीस म्हणाले, "काय झालं?"

"काय नाय साहेब. ह्या चांगल्या हायत."

तेरावी आणि चौदावी बाची होती. दुहेरी, आवळ, एकसारखी. पुढं तिघी शेजारणींच्या. एकोणिसावीला हात लावला आणि बोट गाठीच्या आत गेलं नाही. एकच वळसा होता. मी दुसरी बघितली. एकच. तिसरी, चौथी, अख्खी ओळ. डिंक अजून धरून होता, म्हणून गाठींचा आकार जागेवर होता. उजव्या हातानं मारलेल्या गाठीचं टोक उजवीकडं पडतं. यांची सगळी टोकं डावीकडं होती.

चोवीस जाळ्यांत डाव्या हाताच्या चारच.

मी हात तसाच ठेवला. चाळीस वर्षं सुताची जाळी विणलेला हात. पहिल्या दोन जाळ्यांत त्या हातानं बाचं ऐकलं होतं आणि मग तो आपल्या वाटेनं गेला होता.

"ही एकेरी आहे?" कारखानीसांनी वरून विचारलं.

"हो."

"कोणाची?"

मी मान वळवून मागं बघितलं. बा अठराव्या जाळीशी गुडघे टेकून होता. तो माझ्याकडं बघत नव्हता. समोर मोऱ्याचा किनारा होता, तिकडं बघत होता. सामंत त्याच्या शेजारी उभे होते. त्यांनी त्याच्या शब्दावर सही केली होती.

"माझी," मी म्हणाले.

"आणि पुढची?"

मी पुढची चाचपली. तशीच होती. "ती पण माझीच."

"वय काय तुझं?"

"सतरा."

"माझ्या डेकवरच्या पोरांचं एकोणीस-वीस आहे," कारखानीस म्हणाले. "खाली बघ जरा. बघितलंस? हसत हसत विणायचं काम नाही हे."

"हो साहेब."

"नाखवा, तुम्ही बघा. हिचीच ना?"

बा आला. माझ्याजवळ पालथा पडला आणि त्यानं डावा हात खाली सोडला. एवढा वेळ तो नुसता नजरेनं बघत आला होता, हा हात कोणत्याच जाळीला लावला नव्हता. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्याच्या बंडीला खारवलेल्या मासळीचा वास होता.

मग तो पुढच्या चारही चाचपून आला. "काढा ह्या दोन," तो म्हणाला. "बाकीच्या ठीक हायत."

साडेअकरा वाजले होते. आम्हाला दोन रिळं दिली, बांबूच्या सुया बानं घरूनच आणल्या होत्या. डेकवर दोन खुंट्यांना वरची दोरी ताणली आणि आम्ही समोरासमोर बसलो. एक जाळी त्याची, एक माझी. कारखानीसांनी उरलेल्या बावीस जाळ्यांवर माणसं लावली. जहाजाच्या धोबीखान्यातून सोड्याचं कढत पाणी आणून ते प्रत्येक जाळी धूत होते आणि मग वाळूची पोती टाकत होते.

दहा-बारा गाठी झाल्या तेव्हा मला बाचा आवाज ऐकू आला. मी वर बघितलं. तो मोजत होता.

"एक, दोन." गाठ. "एक, दोन." गाठ.

बालवाडीतलं पोर मोजतं तसं, ओठ हलवत, प्रत्येक गाठीला. पाणी नेणारे दोन खलाशी थांबले. त्यांना वाटलं म्हातारा जप करतोय. एक हसला. बानं त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही. माझी ओळ पुरी होऊन दुसरी अर्धी झाली तरी त्याची पहिलीच चालली होती. ज्याच्या सुईकडं बघताना डोळा ठरत नसे तो माणूस.

एकदा त्यानं "एक" म्हटलं आणि हात गाठ ओढायला निघाला. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं गाठ सोडली आणि पुन्हा घातली.

"बा, मी दोन्ही करते."

"तुझी कर."

कारखानीस मधूनमधून येऊन उभे राहत. दुपारी ते बसलेच, रिकाम्या खोक्यावर. जेवले नसावेत.

बानं हात न थांबवता विचारलं, "साहेब, एक इचारू? हे जहाज जाताना भोवती चार जहाजं राखनीला असतात. मग हे कोनाची राखन करतं?"

"विचारतात सगळेच," कारखानीस म्हणाले. "आमच्यातले पण विचारतात. एवढा खर्च एका जहाजावर कशाला, त्यात दहा छोटी होतील म्हणतात. नाखवा, डोलकाठीच्या टोकावर चढून तुम्हाला किती लांबचं दिसतं?"

"चांगला उजेड असंल तं आठ-दहा मैल."

"आमच्या मोठ्या बोटीवरून पंधरा धरा. विमानातून शंभर-दीडशे. पण विमान किनाऱ्यावरून उडालं की त्याला परत किनाऱ्यावर यायला तेल ठेवावं लागतं. मधल्या दर्यात ते पोहोचतच नाही. म्हणून आम्ही धावपट्टीच बरोबर नेतो. हे जिथं उभं राहील तिथून दीडशे मैल चारी बाजूंना आपल्याला दिसतं. ज्याला दिसतं त्याच्यासमोर दुसरा बंदराबाहेर पडत नाही. गोळी झाडायची वेळ येईलच असं नाही. नुसतं हे दर्यावर आहे एवढं समोरच्याला माहीत असलं तरी त्याची निम्मी जहाजं घरी बसतात."

"आनि हे गोदीत असलं तं?"

"तर आपली बसतात."

बानं दोन गाठी मारल्या. "एक, दोन. एक, दोन. म्हंजे ह्याचा सगळा जीव वरच्या इमानांत."

"विमानांत. आणि विमान ढकलणाऱ्या, फिरवणाऱ्या, साखळी लावणाऱ्या पोरांत. तो पोरगा कडेला जायला घाबरला की विमान उशिरा उडतं. म्हणून तर मी तुमच्या जाळीपाशी बसलोय." ते उठले. जाता जाता त्यांनी आमच्या दोघांच्या हातांकडं बघितलं. आधी माझ्या, मग बाच्या, मग शेजारी सोडून ठेवलेल्या जुन्या दोन जाळ्यांकडं. वाकून त्यांनी त्यातली एक उचलली, बोटांत फिरवली आणि खाली ठेवली.

माझी जाळी सव्वादोनला झाली. बाची तीन वाजून दहा मिनिटांनी. त्यानं ती माझ्याकडं सरकवली.

"बघ."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपलं जाळं दुसऱ्याच्या हातात तपासायला दिलं. मी ओळीनं सगळ्या गाठी बघितल्या. त्यानं घाई केली नाही. सामंत घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते, तरी त्यानं घाई केली नाही. मी मान हलवली तेव्हा खलाशांनी ती उचलली. दोन्ही जाळ्यांत दोन-दोन पोती टाकली. आणखी एकेक टाकलं. वरून एक जाडजूड खलाशी स्वतःहून उतरला आणि त्यात बसून उसळ्या मारायला लागला. सगळे हसले. कारखानीसांनी त्याला वर बोलावून झापलं.

शिडीपाशी ते आम्हाला पोचवायला आले. मला म्हणाले, "सकाळी बोललो ते मनावर घेऊ नकोस." मग बाला म्हणाले, "नाखवा, तुमच्या मुलीचा उजवा हात फार चांगला आहे."

बा त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात जोडले.

जहाजाच्या बोटीनंच आम्हाला मोऱ्याच्या धक्क्यावर सोडलं. सगळं बंदर जमलं होतं. आते सगळ्यांत पुढं.

"कोणाच्या निघाल्या?" तिनं बोट लागायच्या आधीच विचारलं.

बानं तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोलले. "माझ्या दोन. परत विणल्या."

"मी म्हनलं व्हतं," आते सगळ्यांना म्हणाली. "करंज्याचं नाव काढलं की हिची बोटं सैल पडतात."

बायका हसल्या. बा तोंड मिटून धक्क्याच्या पायऱ्या चढला आणि घरी गेला. चार वाजता जहाज हललं. पुढं दोन लहान जहाजं, मागं दोन. अंगणातून मी ते खांदेरी बेटाच्या बाजूला दिसेनासं होईपर्यंत बघितलं. बा घरातून बाहेर आला नाही.

आता पुढचं सांगते.

करंज्याहून महिन्याभरात निरोप आला. आमची पोटं जाळ्यावर आहेत, सैल हाताची सून आम्हाला परवडणार नाही. बंदरात मला कोणी जाळं विणायला देईना. मी सातवी पास होते. बानं मला पेणला आईच्या भावाकडं ठेवलं, पुढच्या शाळेत घातलं. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग झालं, चौतीस वर्षं रेवदंड्याच्या बाजूच्या शाळांतून शिकवलं. लग्न उशिरा झालं, एका मास्तरांशी. ते आता नाहीत.

लाडू आते चौऱ्याहत्तर साली गेली. नायलॉन हे सगळं थोतांड आहे असंच तिचं शेवटपर्यंत मत होतं.

सामंत फोरमन होऊन निवृत्त झाले आणि मालवणला गेले. कारखानीस पुढं कॅप्टन झाले असं सामंतांनीच एका कार्डात कळवलं होतं. त्याच कार्डात आणखी एक ओळ होती. जहाजावर एकदा एक पोरगा वाऱ्यानं उडून जाळीत पडला, पायाला लागलं, बाकी ठीक. कोणत्या जाळीत ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मी उलट टपाली विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही.

जहाज म्हातारं होऊन मुंबईतच मोडीत निघालं. मी बघायला गेले नाही.

बाचं राहिलं. त्या दिवसानंतर त्यानं जाळं विणलं नाही. लोक तपासायला आणत तेव्हा डोळे अधू झालेत म्हणायचा. त्याचे डोळे उत्तम होते. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात दुसरी लढाई लागली. मी सुट्टीवर घरी होते. रेडिओवर बातमी आली की त्या जहाजावरची विमानं तिकडं पूर्वेच्या दर्यात चटगावपर्यंत पोचली. सगळं बंदर धक्क्यावर जमलं. कोणीतरी पेढे वाटले. बाला खांद्यावर घ्यायला दोघं पुढं झाले. एक जण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या जहाजाला आपल्या हसुराम नाखव्याच्या जाळ्या हायत."

बानं त्यांचे हात बाजूला केले. "त्यातल्या दोन एकेरी निघाल्या, त्या माझ्या व्हत्या," तो म्हणाला. "हिनं आपल्या अंगावर घेतल्या."

सगळे हसले. नाखव्याची गाठ एकेरी, असं कधी होतं काय? पोरीचं नाव राखायला बाप खोटं बोलतोय, असं त्यांना वाटलं. एकानं तर त्याची पाठ थोपटली. बानं पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्यानं. ते पुन्हा हसले. मग त्यानं माझ्या हातातला पेढा घेतला, अर्धा मला दिला, आणि आम्ही दोघं घरी आलो.